पेटीतली तार

१२ ऑगस्ट

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तुझा लेक लांब्या इथे मजेत आहे. गोलकीपर म्हणून हात लांब, आणि जेवताना तर त्याहून लांब, असं तुझी वहिनी म्हणते. कॉलेजच्या संघाचे पहिले दोन्ही सामने आम्ही हरलो. पण पोरं तयारीची आहेत, आणि त्यांचा कोच कोण आहे हे विसरू नकोस.

या वर्षी मी एक नियम केला आहे. सामन्याच्या दिवशी आलेली पत्रं, तारा, सगळं न उघडता एका पत्र्याच्या पेटीत जायचं. शेवटची शिट्टी झाली की कर्णधार पेटी उघडून मोठ्याने वाचणार आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. गेल्या वर्षी आमच्या सेंटर फॉरवर्डला ऐन सामन्याआधी लग्न मोडल्याचं पत्र आलं आणि त्या पठ्ठ्याने आपल्याच गोलमध्ये चेंडू मारला! तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

परवा सरावात लांब्याच्या डाव्या डोळ्यावर चेंडू बसला. डोळा काळानिळा झाला होता, वहिनीने शेक दिला. आता सूज उतरली आहे. उगाच काळजी करत बसू नकोस.

तुझा,
दादा

२४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काळजी करू नकोस असं लिहिलंस की मी हमखास करते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. डोळ्याच्या डॉक्टरला एकदा दाखव. मी इथे चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासते आणि माझ्याच पोराच्या डोळ्याची खबर मला पत्रातून कळते. त्याचे वडील गेल्यापासून माझ्याकडे तो एकटाच आहे. तुझ्याकडे पाठवला तो शिकायला, चेंडू खायला नव्हे.

तुझा पेटीचा नियम वाचून मालकांनाही हसू आलं. पोस्टमन तुला घाबरत असेल! वहिनींना नमस्कार.

लोभ असावा, आणि डॉक्टरचं विसरू नये.

तुझी,
छकुली

८ ऑक्टोबर

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सामन्यांनी पार पिट्टा पाडला. सातपैकी पाच हरलो, एक जिंकलो, एक बरोबरीत सुटला. शनिवारी शेवटचा सामना आहे. तो गेला तर आम्ही स्पर्धेबाहेर, आणि प्रिन्सिपॉल म्हणतात की मग पुढच्या वर्षी संघच नको. अकरा वर्षं मी या मैदानावर काढली आहेत.

लांब्याचं काय बिनसलं आहे कळत नाही. सगळे गोल त्याच्या डाव्या बाजूने जातात. चेंडू अगदी जवळ आला की दचकतो. मान वाकडी करून बघतो, म्हणून पोरं त्याला चिडवतात. परवा वहिनीने पाणी मागितलं तर याने पेल्याच्या बाहेरच ओतलं. दिवसाढवळ्या मध्येच वीज चमकते म्हणतो! मी म्हटलं, अभ्यास केला नाही की असंच होतं. डॉक्टरकडे जायचं राहिलंच, सामना झाला की नेतो.

शनिवारी आम्ही सगळे, वहिनीसुद्धा, पहाटेच मैदानावर जाणार. आमच्यासाठी शुभ चिंत.

तुझा,
दादा

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी दुकानात मिळालं. वाचता वाचता हातातली काच खाली पडली. डोळ्यासमोर वीज चमकणं, एका बाजूचं न दिसणं. अशी माणसं आमच्याकडे चष्मा मागायला येतात आणि मालक त्यांना त्याच पावली दवाखान्यात पाठवतात. दादा, त्याच्या डोळ्याचा आतला पडदा सुटतो आहे. आणखी एक मार बसला तर तो डोळा जाईल.

कॉलेजला फोन लावला, तास दीड तास बसले, लाइन लागली नाही. हे पत्र तुला सोमवारी मिळेल, म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. रात्रीची गाडी सुटून गेली आहे आणि उद्याच्या गाडीने मी संध्याकाळी पोचेन. आत्ताच तार करून आले. घरी पाठवावी तर घरी कोणी नाही, म्हणून मैदानाच्या पत्त्यावर पाठवली. ती तुझ्या हातात पडेल आणि तू ती पेटीत टाकशील, हे मला इथे बसून दिसतं आहे. एवढं दिसूनही मला काही करता येत नाही.

एकदा, फक्त एकदा, तुझा नियम मोड.

छकुली

१७ ऑक्टोबर

चि. छकुलीस,

तू इथे दवाखान्यात त्याच्या उशाशी आहेस आणि मी घरातून पत्र लिहितो आहे. तुझ्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून वहिनीच्या हाती देतो.

तार सकाळी दहाला आली. तू आजवर कधी तार केली नव्हतीस, म्हणून मी खूश झालो. पोरांना दाखवली, म्हटलं, बघा, माझ्या बहिणीने शुभेच्छा पाठवल्या. आणि पेटीत टाकली. लांब्यानेच झाकण लावलं.

शेवटच्या मिनिटाला त्यांचा फॉरवर्ड एकटा पुढे आला. लांब्या त्याच्या पायावर झेपावला आणि चेंडू तोंडावर घेतला. आम्ही एका गोलने जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो डोळ्यावर हात धरून हसत होता. कर्णधाराने पेटी उघडली. तुझी तार तिसरी होती. त्याने ती तशाच मोठ्या आवाजात वाचली: खेळवू नका, डोळा जाईल. पोरांना प्रत्येक तारेला टाळ्या वाजवायची सवय. त्यांनी वाजवल्या.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणला असता तर बघता आलं असतं. मी काय लिहू?

दादा

२० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लांब्याला घेऊन घरी आल्यापासून तुला तीन पत्रं पाठवली. वहिनी लिहितात की तू ती न उघडता त्याच पेटीत ठेवतोस आणि पेटीकडे बघत बसतोस. म्हणून आज कार्ड लिहिते आहे. कार्डाला पाकीट नसतं. पोस्टमनने वाचलं असेल तर वाचू दे.

लांब्याचा चष्मा मीच केला. उजवीकडे नंबरची काच आहे, डावीकडे नुसतीच. बघणाऱ्याला फरक कळत नाही. पेल्यात पाणी आता बोट बुडवून ओततो. संघ राहिला का, गोलमध्ये कोण उभं राहतं, हे मला विचारतो. मला कसं माहीत असणार?

मी रागावले आहे, खोटं कशाला लिहू? पण ऑगस्टमध्ये मीही नुसतं पत्रच लिहिलं होतं. तेव्हाच गाडीत बसायला हवं होतं, हे माझ्या मनातून जात नाही.

पोस्टमनची सायकल वाजली की तो दाराशी जातो, मामाचं पत्र आलं का म्हणून. मी नाही म्हणते. मग तो म्हणतो, आज सामना असेल.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे. त्याला उत्तर लिही.

तुझी,
छकुली