बत्तीसशेचा स्पीड

१३ मे २०१८, रविवार
कॉम्प्युटरमध्ये नवी रॅम टाकली. यूट्यूबवर पाहून बायोसमध्ये शिरलो आणि मेमरीचा स्पीड चोवीसशेवरून थेट बत्तीसशे केला. जुनी रॅम शेजारी तशीच ठेवली आहे. नवीच्या संगतीनं तीही पळेल. महागावात एवढ्या स्पीडचा स्टुडिओ दुसरा नसावा.

यंदा बोंडअळीनं कापसासोबत माझा सीझनही खाल्ला. लोक लग्नाचं शूटिंग मोबाइलवर भागवतात. हातात एकच काम: शेजारच्या बाबारावांच्या मुलीचं, खुशीचं लग्न. ते वणीला झालं. खुशीची आजी, मानीबाई, मांडीचं हाड मोडून खाटेवर, म्हणून जाऊ शकली नाही. खुशीला तिनंच वाढवलं. आजीला शब्द दिला, परवा पिच्चर दाखवतो.

१५ मे, मंगळवार, दुपार
लग्नाचं शूटिंग रेंडरिंगला लावलं. चाळीस टक्क्यांवर निळा स्क्रीन, मशीन बंद. पुन्हा लावलं, एकतीस. पुन्हा, बावन्न. प्रगती आहे.

प्रियंका म्हणे, पह्यले बरा चालत होता ना, मंग स्पीड कायले वाढवला? बायकोला टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नसतो.

१७ मे
कारण सापडलं. अँटिव्हायरस. काढून टाकला. आता व्हायरसही आहे आणि निळा स्क्रीनही.

आजीची खाट सकाळी अंगणात निंबाखाली असते. कुंपणापलीकडून हाक आली, राजदीप, झाला का नाई रे माह्या नातीचा पिच्चर? उद्या, म्हणालो.

१९ मे
व्होल्टेज. दुसरं काही असूच शकत नाही. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला लावला. फ्रिज बंद पडला. थोड्या वेळानं कॉम्प्युटरही. दूध नासलं. चहा काळा.

आजीला उद्या म्हणालो.

२५ मे, शुक्रवार
नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. आता सगळं उघड आहे. उष्णता! माणसाच्या डोक्यातून वाफा निघतात, तिथे बिचाऱ्या रॅमचं काय. घरातला कूलर उचलून स्टुडिओत आणला. नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या, टाकी भरली, कॅबिनेटचं झाकण काढून झोत आत सोडला. मदरबोर्डवर थोडे थेंब दिसले, ते फुंकरीनं उडवले.

अडुसष्ट टक्के! मग निळा. पण अडुसष्ट!

प्रियंका पायलला वारा घालत बसली होती. म्हणे, कॉम्प्युटरले कूलर अन लेकराले पुठ्ठा. ऐकलं नाही असं दाखवलं.

२७ मे
दोन दिवस झाले, आजी विचारत नाही. तगादा नाही, डोकं शांत. बाबाराव भेटले. आजी म्हणते म्हणे, पोराले तरास नोका देऊ, त्याची मशीन बिमार हाय.

हे ऐकून जेवण गेलं नाही. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं.

संकल्प: स्पीड मात्र कमी करणार नाही. एकदा बत्तीसशे केला तो केला. माघार घेणाऱ्या फोटोग्राफरवर कोण विश्वास ठेवेल?

३० मे
खुशी शुक्रवारी नवऱ्यासोबत माहेरी येते आहे. उत्तम. तिला शेजारी बसवूनच आजीला पिच्चर दाखवायचा. उशीर झाला तो त्यासाठीच, असंही सांगता येईल.

१ जून, शुक्रवार, सकाळ
खुशी आली. बाबाराव कूलर मागायला आले. अंगणात आजीसाठी छोटा कार्यक्रम आहे म्हणे. प्रियंकानं मला न विचारता देऊन टाकला. मलाही बोलावलं. म्हटलं, एकाहत्तर टक्के झालंय, सोडून कसा येऊ? व्हा पुढे, आलोच.

पलीकडे बराच गलका आहे. मध्येच त्रिशरण ऐकू आलं. धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
शहाण्णवला निळा.

प्रियंका आली ती डोळे पुसतच. खुशीनं लग्नातली पांढरी साडी नेसली होती. जावयानं असल्या उन्हात कोट घातला. मोगऱ्याचे हार. आजीला उशांना टेकून बसवलं. त्रिशरण-पंचशील तिनं स्वतः म्हणवून घेतलं, आणि नातीचं लग्न पुन्हा तिच्यासमोर लागलं. लोकांनी फुलं टाकली. आजी हसत होती, रडत होती. दोनदा विचारलं तिनं, राजदीप काहून नाई आला?

मी विचारलं, फोटो कोणी काढले? कोणीच नाही. सगळे म्हणे, राजदीप कॅमेरा घेऊन येऊनच राह्यला, त्याच्यापुढे आपला मोबाइल काय काढायचा.

लाज वाटली.

३ जून, रविवार
स्पीड चोवीसशे केला. ही माघार नव्हे, टेस्टिंग आहे. चहा पिऊन येईपर्यंत काम अर्ध्याच्या पुढे गेलं होतं, आणि एकदाही न अडकता शंभर टक्के झालं.

पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. खुशी कालच वणीला परत गेली. आजी खाटेवर होती, माझाच कूलर तिच्या पायाशी घुमत होता. म्हणे, बस बापा, थकला दिसतं. मी म्हटलं, आजी, झाला पिच्चर. आजी म्हणे, तिथलं तुमी पाह्यलं, इथलं म्या पाह्यलं, फिटलं. हे राहू दे. परवाचा एखांदा फोटो असन तं तेवढा दे, मी अन माही खुशी असलेला.

उद्या देतो, म्हणालो.