तिसऱ्या मात्रेचा उशीर

९ ऑक्टोबर १९५६

जमलं! तिसरी मात्रा उशिरा पाडायची. एक, दोन — आणि तीन. इतकंच. या एका गोष्टीसाठी तीन मात्रांचा माझा वॉल्ट्झ तीन वर्षं अडला होता.

संध्याकाळी यज्ञेश्वर आला. रेल्वेतली नोकरी सांभाळून व्हायोलिन वाजवतो, मुंबईहून रेकॉर्डी मागवतो. पियानोला टेकून उभ्या-उभ्याच ऐकलं. "वा प्रोफेसर! तिकडे युरोपात आजकाल हेच चाललंय. वॉल्ट्झ असा लिहायचा, की नाचायला उठलेला माणूस धपकन पडला पाहिजे!" मग म्हणाला, "पण सुचलं कुठून यार?"

"दादऱ्यावरून," मी म्हणालो.

खोटं. अलकाच्या चालण्यावरून.

१० ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहितो.

अलका, माझी धाकटी बहीण. पाचव्या वर्षी ताप आला, उतरला, उजवा पाय घेऊन गेला. आता मुलींच्या शाळेत शिकवते. स्वयंपाकघरापासून माझ्या खोलीपर्यंत शहाबादी फरशी आहे. आधी डावा पाय. मग उजव्याचा चवडा. मग ओढली जाणारी चप्पल, जरा उशिरा. तीन आवाज.

मला ते नीट मोजायचे होते. म्हणून हाक मारत होतो — "अलका, पाणी!" ती यायची. पेन्सिल हातात धरून मी मोजायचो. प्यायलो, न प्यायलो. परत — "अलका, पाणी!"

काल दुपारी सहा वेळा. सहाव्यांदा भांडं ठेवत म्हणाली, "दादा, उन्हाळ्यात नाही लागत इतकी तहान तुला."

१३ ऑक्टोबर

पाणी मागत नाही. उठून घेतो.

अलका — "तहान संपली वाटतं?"

मी हसलो. तीही हसली. की फक्त मी?

२२ ऑक्टोबर

एक तारखेला नवा प्रांत. मध्यभारत गेला, राजधानी भोपाळ. उज्जैनच्या समारंभात माझा वॉल्ट्झ ठेवलाय. कार्यक्रमपत्रिकेसाठी शीर्षक हवं होतं. 'लंगडी' दिलं. पोरी अंगणात एका पायावर खेळतात ती. तालाला शोभतं.

पानं उलटायला अलका. तिच्याइतकं नोटेशन घरात कोणाला वाचता येतं? माझी प्रत्येक स्वच्छ प्रत तीच करते.

१ नोव्हेंबर

हिंदीत लंगडी हा खेळ नाही. हिंदीत ती फक्त पायानं अधू बाई असते.

साठ वर्षं घराणं उज्जैनमध्ये. भाजी हिंदीत घेतो, भांडतो हिंदीत, वर्गात निम्मं बोलणं हिंदीत. आणि हे सुचलं नाही!

अलका रंगमंचावर आधी गेली. सगळ्या सभागृहासमोरून, डावीकडून पियानोपर्यंत. निवेदकानं चिठ्ठी वाचली — "अब प्रस्तुत है... लंगड़ी!"

आधी कोणीतरी एकटाच हसला. मग मागच्या रांगा. निवेदक चपापला, चिठ्ठी परत वाचू लागला.

मी उठून सांगायला हवं होतं, की हा मराठी मुलींचा खेळ आहे. दोन वाक्यं. मी वाजवायला सुरुवात केली. तिनं एकही पान चुकवलं नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळी. आईनं विचारलं, कसा झाला कार्यक्रम. अलका करंज्यांना मुरड घालत होती. म्हणाली, "टाळ्या पडल्या, आई. दादाचं नाव झालं."

६ नोव्हेंबर

मुंबईहून पत्र. एका प्रकाशकाला आजच्या रचनाकारांचे वॉल्ट्झ छापायचेत, एकल पियानोसाठी. यज्ञेश्वरनं परस्पर कळवलेलं दिसतं. 'तालाची कल्पना कुठून आली, ते दोन ओळींत लिहावे.'

यज्ञेश्वर खूश — "लिही ना दादरा! मुंबईवाले बिलकुल फिदा होतील."

८ नोव्हेंबर

लिहिलं. 'दादऱ्याच्या सहा मात्रा दुभागून—'

सुबक वाक्य. वर शीर्षक बदललं — 'दादऱ्यातला वॉल्ट्झ'. तिला पुन्हा कोणी हसू नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं. तेही खोटं. नाव बदललं की कोणी विचारणार नाही, चोरी कुठली ते.

स्वच्छ प्रतीसाठी कागद अलकाला दिले. तिनं चाळले. 'दादऱ्यातला' या शब्दावर बोट जरा थांबलं.

"कधीपर्यंत हवं?"

"सवडीनं कर."

त्या क्षणी सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "शाई निळी नको, काळी घे."

१० नोव्हेंबर

तिच्या खोलीचं दार बंद. आज सांगायचं असं ठरवून दोनदा दारापर्यंत गेलो. माझी पावलं किती सारखी पडतात! ऐकण्यासारखं त्यांत काही नाही.

१३ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

१४ नोव्हेंबर

प्रत पियानोवर ठेवून अलका शाळेत गेली. काळी शाई. शीर्षक खोडून परत 'लंगडी' केलंय. आणि पहिल्या स्वराआधी तालाचं एक आख्खं माप रिकामं — तीन मात्रा काहीच नाही. माझ्या कागदावर ते नव्हतं. शेजारी बारीक अक्षरात:

'दादा, तू खोलीतून ऐकत होतास, म्हणून हे राहिलं. दारात मी थांबते. कोणी बघतंय का ते पाहते. मग पाऊल.'