डार्विनसाहेबांच्या मामाची मुलगी

अक्कलकोट,
१४ डिसेंबर १९७७

तीर्थस्वरूप कोंडीबामामा,

जोतीरामचा साष्टांग नमस्कार. मी इकडे धडधाकट आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू असेल, नातेपुत्याची थंडी मामींना बाधत नसेल. म्हैस व्याली असल्यास कळवावे. माघात तुमच्या वच्छलाचा आणि माझा बार उडवायचा का, हो की नाही ते एका ओळीत कळव, अशी तुमची तीन पत्रं पोचली. (तिसऱ्याची सुरुवात ‘गाढवा’ अशी होती, तीही पोचली.) एका ओळीत मावेना, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याचं असं झालं, की दहावीला उत्क्रांतीचा धडा घ्यायला आणि तपासणीचे साहेब शाळेत यायला एकच दिवस निघाला. धडा तसा सोपा आहे. जीव जन्माला येतात ढीगभर, जगतात थोडे. दोन पिल्लं कधी अगदी सारखी नसतात. ज्याच्या अंगात त्या जागी तगायचा गुण असतो ते तगतं आणि तो गुण पोरांना देतं. अशा हजारो पिढ्या गेल्या की जातच बदलते. (आपण माकडाची नातवंडं नव्हे. आपली आणि त्यांची फक्त भावकी, खापरपणजा एक.) डार्विनच्या आधी लामार्क नावाचे फ्रेंच साहेब म्हणत, जिराफ मान ताणत राहिला म्हणून पोरांच्या माना लांब झाल्या. तसं असतं तर आबांच्या नांगरटीमुळे मी हाताला घट्टे घेऊनच जन्मलो असतो. डार्विन म्हणाले, ज्यांच्या माना मुळात लांब होत्या तेच टंचाईत जगले. हे सुचूनही ते वीस वर्षं कागद घरात ठेवून बसले. शेवटी मलायाकडच्या बेटांवरून वॉलेस नावाच्या गृहस्थाचं पत्र आलं, त्यात नेमका हाच विचार! मग घाई झाली आणि १८५८ साली दोघांचे लेख एकाच सभेत वाचले गेले. मी फक्त चार महिने गप्प आहे, हे ध्यानात घ्यावं.

तर डार्विननी निवडीची गोष्ट कबुतरं पाळणाऱ्यांकडून समजून घेतली होती. म्हणून मी आमचे शेजारी सिद्धाप्पा धनगर यांना मेंढ्यासकट वर्गात बोलावलं. (हेडमास्तरांची परवानगी फक्त सिद्धाप्पापुरती होती.) त्यांनी झकास सांगितलं. नर कोकरांतलं एकच राखायचं, ज्याची आई दुधाला आणि चालायला चांगली असेल ते. बाकीची खच्ची करायची. इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण न विचारता पुढे म्हणाले, “घरचाच मेंढा घरात ठिवला तर कोकरं लई बारकी हुत्यात. म्हनून दोन वर्सानं दुसऱ्याच्या कळपातला आनतो की.” आणि थेट साहेबांकडे वळून, “मानसं मातुर मामाचीच पोरगी करत्यात. ते कसं काय, सायेब?”

पोरं हसली. साहेबांच्या मंडळी त्यांच्या सख्ख्या मामाच्या कन्या आहेत, हे शिपायाला ठाऊक होतं, मला नव्हतं. सावरायला म्हणून मी घाईनं सांगितलं, की खुद्द डार्विनसाहेबांची बायकोही सख्ख्या मामाचीच मुलगी. सिद्धाप्पांनी विचारलं, “आनि पोरं?” खोटं बोलवेना. दहा झाली, तीन लहानपणीच गेली, आणि जवळच्या रक्तामुळे तर नव्हे ना, ही काळजी त्या माणसाला जन्मभर लागली. बाकीच्यांतली काही मोठी विद्वान निघाली, हे मी म्हणेपर्यंत साहेब उठले होते. तेवढ्यात मेंढ्यानं भिंतीवरच्या तक्त्यातला माकड ते माणूस हा सगळा प्रवास खाल्ला. ‘पाठ बरा. उदाहरणे आवरावीत,’ असा शेरा मिळाला.

तेव्हा मामा, शास्त्राला धरून माझं उत्तर, नको. रागावू नये. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
जोतीराम

ता. क. : वरचं शास्त्र खरं आहे, उत्तर खोटं आहे. मला वच्छला फार आवडते. इथल्या डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, धोका थोडा वाढतो, पण बहुतेकांची पोरं ठणठणीत असतात. माघ चालेल.

ता. क. दुसरा : वच्छला, हा मोठ्यानं वाचू नकोस. मामा पत्रं तुझ्याकडून वाचून घेतात आणि उत्तरंही तुझ्याच हातची येतात. तू आधी सगळं मनात वाचतेस, हेही मला ठाऊक आहे. तिसऱ्या पत्रात ‘माघ’ लिहिताना तू पेन इतकं दाबलंस की कागद फाटला. रागानं की कशानं, उजेडाला धरून किती वेळा पाहिलं, कळत नाही. आपलं बारशापासून ठरलंय म्हणतात, पण तुला कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मीही नाही विचारलं, त्याची लाज वाटते. तुझ्या मनात नसेल तर मामांना सहीपर्यंतच वाचून दाखव, राग माझ्यावर निघेल. असेल तर ‘नको’ची ओळ गाळ आणि पहिल्या ता. क. मधलं शेवटचं ‘माघ चालेल’ तेवढंच वाच.