गिळलेली चूळ

शनिवार, ८ मार्च

फार वाईट झालं आज.

छकुलीचा, माझ्या नातीचा, पहिला रोजा. हट्टाने धरलेला. नऊ वर्षांची पोर, तिच्यावर रोजा अजून फर्ज, बंधनकारक, थोडाच आहे! संध्याकाळी रोजा सोडायला शेजारीपाजारी, माझी बहीण, सगळे जमले. खजुराची ताटली फिरत होती. "बघा, केवढी मोठी झाली!" असं कौतुक चाललेलं. तेवढ्यात माझा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "कसलं कौतुक? मघाशी नमाजाआधी वजूला हात-तोंड धुताना चूळ गिळली हिने. डोळ्यांनी पाहिलं मी. आणि आता ऐटीत रोजा सोडतेय!"



पोरीने हातातला खजूर परत ताटलीत ठेवला. बापाकडे एकटक पाहिलं. ओठ हलले. वाटलं, काही बोलणार. पण नाही. मान खाली.

"बसली दातखिळी!" — तो.

एवढा कडू कधी झाला हा?

रविवार, ९ मार्च

आज सारखी माझी मिशनरी शाळा आठवतेय. आमच्या वर्गातल्या एका मुलीकडून प्रार्थनेच्या खोलीतली काचेची फुलदाणी फुटली. ती काचांपाशीच उभी. सिस्टरने काय करावं? आधी दार लावून घेतलं. मग झाडू आणला आणि तिच्या शेजारी बसून काचा गोळा करू लागली. घरी अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "बेटा, आपल्या नबींनी हेच शिकवलं. दुसऱ्याची चूक झाकावी." छकुलीला ही गोष्ट कितीदा सांगितलीय. तिला त्यातलं दार लावणंच आवडतं!

मुलाला म्हटलं, "तिला तहान किती लागली होती, ते विचारलंस?"

"अम्मी, तुमच्या लाडानेच बिघडतेय ती. आज पाणी चोरलं, उद्या काय?"

ताडकन उठून आपल्या चष्म्याच्या दुकानात निघून गेला. शर्ट अंगावर लोंबत होता. रोज्यांत उतरतो माणूस, पण इतका?

मंगळवार, ११ मार्च

छकुली आता मोरीचं दार सताड उघडं ठेवून वजू करते. चूळ भरते आणि थुंकताना वळून आमच्याकडे बघते, जणू विचारते, पाहिलंत ना?

सून म्हणाली, "नाटकी आहे नुसती." आणि पदराने डोळे पुसले.

शुक्रवार, १४ मार्च

आज नमाजला माझ्या शेजारी आली नाही. तिची नमाजाची छोटी चटई, जानमाज, घडी करून कपाटावर.

सोमवार, १७ मार्च

मुलगा दुकानात कोसळला. भिंगं घासायच्या यंत्रापाशीच! दवाखान्यात धावलो. डॉक्टर त्याच्यावरच डाफरले, "साखर आहे, रोजे धरू नका, हे मी कधीच सांगितलं होतं."

धरलेच नव्हते त्याने. औषध घेऊन दुकानातल्या मागच्या पडद्याआड चोरून खायचा. आज गिऱ्हाइकांच्या गर्दीत खायचं राहिलं, आणि साखर एकदम उतरली.

"लाज वाटली, अम्मी. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून एक सोडला नव्हता."

"अरे, आजाऱ्याला मोकळीक अल्लाहनेच दिलीय. मग लाज कुणाची? माझी?"

भिंतीकडे तोंड करून रडला. माझ्या मांडीवर वाढलेला मुलगा, आणि माझ्यापासून घास लपवत होता! कुठे चुकलो आम्ही?

मंगळवार, १८ मार्च

दुपारी छकुली पाण्याचा पेला आणि बिस्किटं घेऊन त्याच्या खोलीत गेली. मागे दार लावून घेतलं. मी बाहेरच थांबले.

"खा, अब्बू. कुणी बघत नाही."

"तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी नाही. शाळेतून दुकानात आले होते ना, तेव्हा पडद्यामागे पाहिलं. माझ्या रोज्याच्या आदल्या दिवशी."