बिल्ल्याची जागा

प्रिय इंदिराताई,

हिंगणीच्या माकडांनी यंदा तुमच्या पेरूंचं काही शिल्लक ठेवलं का? हे पत्र लिहितेय, कारण फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही रागावता.

तुम्ही निवृत्त झाल्यावर आपल्या एक्स-रे विभागात आकांक्षा नावाची नवी मुलगी आली आहे. पहिल्याच दिवशी तिनं किरणं मोजणारा बिल्ला शिशाच्या एप्रनवर लावला, नाव दिसावं म्हणून. मला हसू आलं, मीही तेच केलं होतं. तेव्हा तुम्ही तो ओढून काढलात. "बिल्ला मिरवाले नाई राहात. आतून, छातीवर लाव. तुह्या अंगाले किती लागलं, ते त्यानं सांगाव." वर म्हणालात, "बाईच्या बिल्ल्याची जागा एकदाच बदलते. वेळ आली का सांगीन." कधी, ते मी तेव्हा विचारलं नाही, कारण लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता.

मग बिल्ल्याचा तो अहवाल आला, माझा किरणांचा आकडा भलताच वाढलेला. सासूबाई वडनेरहून पहिल्या गाडीनं आल्या. "त्या मशीननंच तुही कूस उजवत नाई. सोड ते नोकरी." खरं सांगते ताई, मलाही ते पटलं होतं. राजीनामा द्यायला निघाले होते. तुम्ही मात्र माझ्या मागे हिंडून पाहिलंत, मी जेवायला जाताना एप्रन बिल्ल्यासकट एक्स-रेच्या खोलीतल्याच खुंटीला टांगून जाते. मी डबा खात असताना किरणं बिल्ल्याला लागत होती. खुंटी बाहेर आली आणि पुढचा अहवाल स्वच्छ आला. तेवढ्यावर न थांबता तुम्ही वडनेरला जाऊन सासूबाईंच्या चुलीपाशी बसलात. त्यांना पटलं नाही, पण नोकरी सोड म्हणणं थांबलं. माझं काम राहिलं ते तुमच्यामुळे. तुमचे उपकार मी कधी तोंडानं बोलून दाखवले नाहीत.

आता सासूबाई रोज सकाळी फोन करतात. नोकरीचं काही बोलत नाहीत. एवढंच विचारतात, "बिल्ला बराबर लावला ना व बाई?" मोठ्या डॉक्टरांना मी कळवलं, त्यांनी माझं काम हलकं केलं आणि बिल्ल्याची नवी जागाही दाखवली. ती तुम्ही सांगणार होतात, म्हणून तुम्हाला लिहायलाच हवं होतं. सोमवारी मी बिल्ला छातीवरून काढला, ताई, आणि एप्रनच्या आत पोटावर लावला.

तुमच्या हाताखाली घडलेली,
तुमचीच नमिता