समोरच्या हॉटेलातली खोली

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी माफी माग म्हणशील, तर मागतो. तुझी दोन पत्रं उशाशी ठेवून मी इतके दिवस मनातल्या मनात उत्तर जुळवत बसलो. फोनवर बोलतो खरं, पण तिथे भाऊजी शेजारीच असतात आणि आपण दोघंही सगळं ठीक असल्यासारखं बोलत राहतो. त्यापेक्षा पत्र बरं.

भाऊजींच्या घशातल्या गाठीला मशीनवर शेक द्यायचं ठरलं आणि इथल्या मोठ्या इस्पितळाची तारीख मिळाली, हे चांगलं झालं. इस्पितळ आमच्या हॉटेलच्या अगदी समोर आहे. रस्ता ओलांडला की झालं, भाऊजी चालत जातील. मी क्वार्टरमध्ये आणखी तिघांबरोबर राहतो, तिथे तुमची सोय होणार नाही. म्हणून हॉटेलातच पहिल्या मजल्यावरची, लिफ्टजवळची खोली तुमच्या नावाने ठेवली आहे. आदल्या संध्याकाळी या.

मी तिथे नेमकं काय करतो, असं भाऊजी विचारत होते ना? त्यांना सांग, खोल्या असतात त्यापेक्षा थोडी जास्त बुकिंगं घेतो. विमानवालेही हेच करतात. काही लोक ठरवून येत नाहीत, आणि रिकामी राहिलेली खोली मालकाला सोसत नाही. किती जण येणार नाहीत याचा अंदाज बांधणं, हे माझं काम. आमच्याकडे न येणारे इतर हॉटेलांपेक्षा जास्त असतात. का, ते मी बरीच वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं. समोर इस्पितळ आहे, ताई. कुणाची तारीख पुढे जाते, कुणाला तारखेची गरजच उरत नाही. तुझं पत्र आल्यापासून तो आकडा लिहिताना हात अडखळतो. लिहितो मात्र रोज.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

तुझा,
धाकटा

*

२१ फेब्रुवारी

चि. पंतोजी यांस,
अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोहोचलो. गाडी सुटताना तू असं तोंड पाडून उभा होतास, की आम्हीच तुला तिथे सोडून पळून चाललो आहोत असं वाटावं. हिशेबात पंतोजी असलास तरी तुझ्या डोक्यात गोष्टी नेहमी उलट्या क्रमाने बसतात, म्हणून सगळं सरळ लिहून ठेवते.

त्या संध्याकाळी तुमच्याकडे सगळेच आले. न येणारं असं कुणी राहिलंच नाही. काउंटरवर तू घाम पुसत उभा, तुझे साहेब पाठीशी, आणि माझ्या पुढे ती बाई, कडेवर डोक्याला पट्टी बांधलेलं मूल. तिचं बुकिंगही आमच्याइतकंच पक्कं होतं. कुणाला तरी दुसरीकडे पाठवणं भाग होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मीच म्हटलं, की खोली हिला दे, आम्ही काय, घरचीच माणसं. साहेबांसमोर तुझी पंचाईत होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. हेही म्हणाले, की एका रात्रीचा प्रश्न आहे. तू नको म्हणालास, मी ऐकलं नाही. एवढंच घडलं.

पुलापलीकडचं ते लॉजसुद्धा वाईट नव्हतं. टॉवेल तर तुमच्यापेक्षा जाड असणार. सकाळी पुलावर ट्रक आडवा पडला, याला तू काय करणार? आम्ही पोहोचेपर्यंत यांचं नाव पुकारून झालं होतं आणि नंबर पुढच्याला गेला होता. खिडकीवरची मुलगी फार नीट बोलली. म्हणाली, मशीनला झेपतील त्यापेक्षा आम्हीही जास्त नंबर देतो, रोज काही जण येतच नाहीत. त्यावर हे खोकत खोकत हसले. मला म्हणाले, अगं, हा तर आपलाच धंदा. लग्नसराईत मीसुद्धा सगळ्यांना कपडे गुरुवारीच शिवून देतो म्हणून सांगतो. फरक एवढाच, की माझ्या गिऱ्हाइकाला शुक्रवारी येता येतं.

आता एप्रिलअखेरची तारीख मिळाली आहे. घास गिळायला त्रास होतो, म्हणून सगळं पातळ करून देते. दुकान उघडतात, थोडा वेळ शिलाईच्या मशीनवर बसतात.

तू जेवत जा. मन खायचं थांबवलंस की पोटात जागा होईल.

तुझी,
ताई

*

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सगळं सरळ लिहिलंस, पण एक गोष्ट गाळलीस. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. पहिलं सभ्यपणासाठी म्हटलं, दुसरं तुला बरं वाटावं म्हणून. तिसरं खरं ठरलं असतं, पण त्याआधीच मला सुटल्यासारखं वाटलं. आमच्याकडे शिकवतात, की दुसरीकडे पाठवायला असं माणूस बघा जे आवाज चढवणार नाही. त्या संध्याकाळी रांगेत असं माणूस मला लगेच दिसलं.

इस्पितळासाठी येणारी गिऱ्हाइकं असतील तर जादा बुकिंग घेऊ नये, असं मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते चिडले नाहीत. बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाले, की मग रोज खोल्या रिकाम्या राहतील, आणि ज्यांना आपण जागा नाही म्हणून परत पाठवतो ते खाली फुटपाथवर झोपतील. त्यांचं काय? मी चहा संपवला आणि काउंटरवर परत गेलो. हे काम सोडावं असंही मनात येतं, पण माझ्या जागी येणारा तोच आकडा न अडखळता लिहील.

रोज कामावर जाण्याआधी समोरच्या खिडकीवर जाऊन विचारतो, की मधली एखादी तारीख मोकळी झाली का. ती मुलगी मला आता लांबूनच ओळखते आणि मान हलवते. मोकळ्या होतात, पण तिच्याकडे यादी मोठी आहे. खरं सांगू का, तारीख मोकळी व्हावी अशी इच्छा करताना मी नेमकं काय मागतोय, ते मला कळतं. तरी मागतो.

एप्रिलची खोली धरून ठेवली आहे. या वेळी काउंटरवर औदार्य दाखवलंस तर तुला ओळख दाखवणार नाही.

भाऊजींनी दुकानात फार वेळ बसू नये.

तुझा,
धाकटा

*

१९ एप्रिल

चि. पंतोजी यांस,
अनेक आशीर्वाद.

खोली सोडून दे. आम्ही येत नाही.

गेल्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढले. गाठ छातीत उतरली आहे. शेक घेतला तर त्रास तेवढा होईल, उपयोग फारसा नाही, असं ते म्हणाले. ते दोन महिने गेले नसते तर काही वेगळं झालं असतं का, हेही मी विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. हे तुला लिहावं की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. लिहिलं नसतं, तर तू याहून वाईट धरून चालला असतास.

मी तरी जायचंच म्हणत होते. हे नाही म्हणाले. आता आवाज उरलेला नाही, कापडावर आखायच्या खडूने पाटीवर लिहितात. लिहिलं, की इतक्या लांब बाकावर बसून वाट बघायची ती इथे खिडकीपाशी बसून बघेन. मग ते पुसून लिहिलं, की पंतोजीला सांग, मी रुसून येत नाही असं नाही. कुणाची शिवायची राहिलेली कापडं होती ती त्यांनी परत करायला लावली. एकेक घडी माझ्याकडून नीट घालून घेतली.

एकच अडचण आहे. दुखणं आता फार वाढलं आहे. त्यावरचं जोराचं औषध इथल्या दुकानांत मिळत नाही. तुमच्या समोरच्या इस्पितळातच मिळतं, तेही तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर. सोबत सगळे कागद पाठवते आहे. बघ जमलं तर.

माझी काळजी करू नकोस. ती करायला मला वेळ नाही, तर तुला कुठून असणार?

तुझी,
ताई

*

२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि कागद मिळाले.

खोली सोडली. ती लगेच गेली. ज्यांना मिळाली ते गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. त्यांनी काउंटरवरून हात पुढे करून माझा हात धरला आणि बराच वेळ आभार मानत राहिले. ही कुणाची खोली, ते मी सांगितलं नाही. साहेब म्हणाले, की आज अंदाज अगदी बरोबर आला.

मी यावं की तिथे माझी अडगळच होईल, हे भाऊजींना पाटीवर लिहायला सांग. ते लिहितील तसं करीन. एरवी मी मुद्दाम येऊन बसेन आणि तुला मलाच धीर द्यावा लागेल, हे मला ठाऊक आहे.

खिडकीवरच्या मुलीला आज सांगितलं, की आता तारीख नको. तिने यादीत बघून नाव खोडलं आणि औषध लिहून देणारे डॉक्टर कुठे बसतात ते दाखवलं. दुसरा मजला, डावीकडचं शेवटचं दार. सकाळी लवकर जावं लागतं.

तुझा लोभ आहे, त्याची माझी लायकी असो नसो.

धाकटा

उद्या: कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाणे, भाऊजींचं औषध आणणे.