दोष गोळीचाच

४ मार्च, मंगळवार
टेगनच्या पोटदुखीचं कारण सापडलं. एका संध्याकाळीत! पोरगी वीस वर्षांची, वजन उतरतंय, जुलाब थांबत नाहीत, आणि डॉक्टर थुई अजून तपासण्याच लिहून देतायत. कारण: गर्भनिरोधक गोळ्या. त्या घेणाऱ्या बायकांत आतड्यांच्या सुजेचा आजार जास्त दिसतो, असे चार अभ्यास इंटरनेटवर आहेत. चारही वाचले (सारांश). फरशी बसवायला तरी मला कोणी शिकवलं होतं?
निश्चय: उद्या जेवताना मुद्देसूद मांडायचं.

५ मार्च
मांडलं. टेगन म्हणाली, बाबा, सॉसेज तरी गिळू दे. बायको रेलीन म्हणाली, आता स्लाइड्स पण दाखवणार का? दाखवणार होतोच. मध्येच दोनदा उठावं लागलं. सॉसेज शिळे असणार.

७ मार्च
टेगनने डॉक्टरांना विचारलं. म्हणे गोळीने धोका थोडासा वाढतो हे खरं, पण मुळात तो कमीच. घरात कुणाला हा आजार आहे का, ते जास्त महत्त्वाचं. आणि मनाने गोळ्या बंद करू नकोस.
'थोडासा' म्हणजे किती? आमच्या धंद्यात उतार 'थोडासा' चुकला की पाणी बेडरूममध्ये जातं.
टेगनने विचारलं, बाबा, आपल्याकडे कुणाला आहे का असलं काही? ठणकावून सांगितलं, कुणालाही नाही. मला आहे ती मूळव्याध. माझ्या वडिलांना होती तीही मूळव्याध. आत्याचं तर आतडं कापावं लागलं, इतकी मूळव्याध.

१२ मार्च
मिसेस लॅड्लोंच्या बाथरूमचं काम. फरशीसाठी कमोड मीच उचकटून लॉनवर ठेवला होता. अकराच्या सुमारास त्याची गरज लागली. गाडी काढून पेट्रोल पंप गाठला. जवळजवळ गाठला.
दोष दुधाच्या कॉफीचा. उद्यापासून काळी.

१९ मार्च
तिघंही डॉक्टरांकडे. मी अभ्यासांची रंगीत प्रिंट नेली. त्यांनी वाचली, अगदी खरंच वाचली. मग मलाच विचारलं, घरात कुणाला? मी 'नाही' म्हणतोय तोवर रेलीन सुरू झाली. "याला विचारताय? अहो, समुद्रावर जायचं म्हटलं तरी हा आधी वाटेतले संडास पाठ करतो. चादरी मी धुते, मला विचारा!"
टेगन म्हणाली, "बाबा, मी तुला विचारलं होतं."
मी म्हणालो, मूळव्याधीबद्दल विचारलं नव्हतंस.
डॉक्टरांनी प्रिंट बाजूला ठेवली आणि माझी जन्मतारीख विचारली.

२९ मे, गुरुवार
दोघांचेही रिपोर्ट आले. क्रोन्स, म्हणजे तोच आतड्यांच्या सुजेचा आजार. दोघांनाही. माझा जुना, मुरलेला. टेगनचं आतडं एका जागी अरुंद झालंय. औषधाने सूज उतरली नाही तर कापावं लागेल. डॉक्टर म्हणाल्या, वडिलांचं माहीत असतं तर दोन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा पोट दुखलं तेव्हा, परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून दिलं नसतं. टेगन आणि रेलीन उठून बाहेर गेल्या.
मी मागे थांबलो. निव्वळ शास्त्रीय शंका विचारली: रेलीनच्या त्या गोळ्या आणि माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या कित्येक वर्षं एकाच कपाटात होत्या, चुकून मी एखादी...?
"नाही, नेव्हिल," डॉक्टर म्हणाल्या.
बाहेर आलो तर मायलेकी गाडी घेऊन गेलेल्या. स्टॉपवर उभा राहिलो. बस आली. आत संडास नसतो. जाऊ दिली.